मुक्तिसदनांतील उद्योग

पंडिता रमाबाईंची विद्वत्ता सर्वांस ठाऊक आहे. त्यांचें केडगांवचें उद्योगशिक्षण मात्र फार थोड्यांस आठवतें. माझ्या मतें तेंच काम अधिक अवघड होतें. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्यांनीं मध्यप्रांतांतून सुमारें ३०० अनाथ मुली व विधवा आणिल्या. नुसतें अन्न घालून कसें भागावें? दुष्काळ सरल्यावर या बायांनीं कोणाच्या दारीं जावें? म्हणून मुक्तिसदनांत शिवण, विणकाम, तेलाचा घाणा, शेती असे उद्योग त्यांस शिकविण्यांत आले. आंधळ्यांसही वगळलें नाहीं. बाईंची कन्या मनोरमाबाई यांनीं त्यांस ब्रेल लिपि शिकविली, आणि त्या टोपल्याही विणूं लागल्या. छापखान्यांत खिळे जुळविण्याचें काम बायकाच करीत. ५ एप्रिल १९२२ रोजीं बाई प्रभूमध्यें निजल्या. त्यांनीं भाषांतर केलेलें मराठी पवित्र शास्त्र १९२४ सालीं त्याच छापखान्यांतून बाहेर पडलें.