चष्मा लावलेले राष्ट्राध्यक्ष : जॉन केनेडी आणि सुपरमॅन



मुलाच्या हातात कॉमिक दिसलं की आपल्यापैकी अनेकांच्या कपाळावर आठी पडते. आज मात्र एका थोर माणसाची ओळख कॉमिकच्याच वाटेने करून घेऊ. हे गृहस्थ म्हणजे अमेरिकेचे ३५ वे राष्ट्राध्यक्ष जॉन फिट्झगेराल्ड केनेडी. १९६० मध्ये ते निवडून आले तेव्हा अवघे ४३ वर्षांचे होते. देखणे, हसतमुख, केस दाट. चित्रकारांना आणखी काय हवं!

१९६२ च्या सुरुवातीच्या एका अंकात सुपरमॅनची चुलत बहीण सुपरगर्ल पहिल्यांदा जगासमोर येते आणि केनेडी व्हाइट हाउसमध्ये तिचं स्वागत करतात. पण खरी गंमत फेब्रुवारी १९६४ ची तारीख असलेल्या अंकात आहे. सुपरमॅनच्या सत्काराचा टीव्हीवर मोठा कार्यक्रम असतो. सुपरमॅन आणि चष्मेवाला पत्रकार क्लार्क केंट ही एकच व्यक्ती असल्याचा संशय लोइस लेनला आलेला असतो. तेव्हा दोघं शेजारी शेजारी दिसलेच पाहिजेत. आता क्लार्क म्हणून उभं कुणाला करायचं? सुपरमॅन थेट राष्ट्राध्यक्षांनाच गळ घालतो! केनेडी देशाचा कारभार बाजूला ठेवतात, मुखवटा आणि चष्मा चढवतात आणि क्लार्क होऊन हजर होतात. आपल्या स्नेहसंमेलनात एक पात्र आयत्या वेळी आलं नाही म्हणून राष्ट्रपतींनाच रंगवून रंगमंचावर ढकलावं, तसला हा प्रकार!

तिसऱ्या गोष्टीत तर सुपरमॅन त्यांच्या हाताखालचा कर्मचारीच होतो. केनेडी त्याला काम देतात, ते म्हणजे देशातल्या मुलांना व्यायामाला लावण्याचं. उडता येणारा, पोलाद वाकवणारा हा गडी मग पीटीचे सर होऊन मुलांच्या मागे लागतो. ही गोष्ट व्हाइट हाउसच्या सहकार्यानेच तयार होत होती बरं का!

कारण व्यायाम हा केनेडींचा खरोखरच आवडता विषय होता. अमेरिकन माणूस सुस्त झाला आहे, असा लेख त्यांनी पदभार घेण्यापूर्वीच एका क्रीडा साप्ताहिकात लिहिला होता. त्यांच्या काळात शाळांना कवायतीच्या खास गाण्याच्या तबकड्याही पाठवल्या गेल्या. १९६३ मध्ये पन्नास मैल चालण्याचं वेड देशभर पसरलं. त्यांचे धाकटे बंधू रॉबर्ट साधे ऑफिसचे बूट घालूनच तेवढं अंतर चालून आले. जॉन मात्र चालले नाहीत.

का चालले नाहीत? इथून मुलांना खरं चरित्र सांगायला लागा.

केनेडींचा जन्म २९ मे १९१७ चा, मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रुकलाइनचा. नऊ भावंडांत दुसरे. तीन वर्षांचे होण्याआधीच लाल तापाने ते मरणाच्या दारात जाऊन आले. शाळेचे दिवस निम्मे दवाखान्यात गेले. पाठीच्या दुखण्यामुळे लष्कराने त्यांना नाकारलं. वडिलांच्या ओळखीने ते नौदलात शिरले. ऑगस्ट १९४३ मध्ये सॉलोमन बेटांजवळ जपानी विनाशिकेने त्यांच्या छोट्या नौकेचे दोन तुकडे केले. तेव्हा भाजलेल्या सहकाऱ्याच्या जीवरक्षक जाकिटाचा पट्टा दातात धरून, त्याला ओढत, ते काही तास पोहत बेटाला लागले. कॉमिकवाल्यांनाही सुचलं नसतं, असं हे दृश्य खरं आहे.

१९४७ मध्ये ॲडिसनच्या आजाराचं निदान झालं. यात मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी नीट काम करत नाहीत आणि औषध आयुष्यभर घ्यावं लागतं. १९५४ मध्ये पाठीची शस्त्रक्रिया झाली. प्रकृती इतकी ढासळली की धर्मगुरूंना बोलावून अखेरचे संस्कारही झाले. त्यातून उठताना अंथरुणावर त्यांनी ज्या पुस्तकाचं काम हाती घेतलं, त्याला १९५७ चं पुलित्झर पारितोषिक मिळालं. या लेखनात त्यांचे सहायक टेड सोरेन्सन यांचा मोठा वाटा होता, हेही सांगायला हवं.

राष्ट्राध्यक्ष झाल्यावर कंबरेला पट्टा, पाठीत इंजेक्शनं, लोकांची पाठ फिरली की कुबड्या. १९६१ मध्ये कॅनडात वृक्षारोपणाच्या कार्यक्रमात फावडं मारताना पाठ पुन्हा भरली. वृक्षारोपणात राष्ट्राध्यक्षसुद्धा जायबंदी होतात, हे आपल्या मुख्याध्यापकांना जरूर सांगा! त्यांची झुलती खुर्ची देशभर प्रसिद्ध झाली. लोकांना ती ऐट वाटली, पण ती पाठदुखीवरचा इलाज होती.

आता क्लार्क केंटचा तो चष्मा पुन्हा आठवा. सुपरमॅन अंगात प्रचंड बळ असून दुबळेपणाचं सोंग घेत होता. केनेडी शरीर पिचलेलं असताना धडधाकटपणाचं सोंग घेत होते. एकमेकांच्या अगदी उलटी गुपितं असलेल्या या दोघांना कॉमिकच्या लेखकांनी नकळत शेजारी उभं केलं होतं.

केनेडींनी आजार लपवला, निवडणुकीत त्यांच्या माणसांनी तो नाकारलासुद्धा. हे योग्य होतं का, यावर वरच्या वर्गात चर्चा घ्या. मत देणाऱ्याला उमेदवाराची प्रकृती कळायला हवी की नको? आणि ती कळली असती, तर लोकांनी त्यांना निवडलं असतं का? दोन्ही बाजूंनी मुलं चांगली भांडतील. मात्र पीटीच्या तासाला कट्ट्यावर बसून राहणारं एखादं मूल प्रत्येक वर्गात असतं. रोज पट्टा बांधून कामावर जाणारा हा माणूस त्याला चित्रातल्या केनेडींपेक्षा जवळचा वाटेल.

२२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलसमध्ये केनेडींची हत्या झाली. वय अवघं ४६. त्या वेळीही अंगावर पट्टा होताच. व्यायामाची ती गोष्ट आधी बाजूला ठेवली गेली. मग नव्या राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाच्या इच्छेनुसार १९६४ च्या मध्यात ती छापली. तिची मूळ चित्रं केनेडींच्या स्मारक ग्रंथालयाला देऊ, असं अंकातच जाहीर केलं होतं. प्रत्यक्षात ती भलत्याच हाती गेली आणि २०१३ मध्ये लिलावाच्या वाटेवर सापडल्यावर कुठे ग्रंथालयात पोहोचली.

बॉस्टनच्या त्याच ग्रंथालयात केनेडींच्या आजारपणाची कागदपत्रं आणि एक्स-रे आहेत. २००२ मध्ये ती एका इतिहासकाराला पाहायला मिळाली आणि मग जगाला कळली. वर्गात केनेडी शिकवाल तेव्हा कॉमिकमधला केनेडी आधी दाखवा, मुलांना हसू द्या. मग एक्स-रेमधला सांगा.