एका बाटलीचा हिशेब

हाफकिन हे नाव मी लहानपणी ऐकले ते मुंबईच्या परळमधील संस्थेचे म्हणून. ते एखाद्या इंग्रज गव्हर्नरचे असावे अशी माझी समजूत होती. मी पडलो वाणिज्य शाखेचा. जंतू आणि लस यांच्याशी आमचा संबंध टोचून घेण्यापुरता! पण कोरोनाच्या दिवसांत आमच्या घरी लस घ्यावी की नाही यावरून वाद झाला. आजी काही केल्या तयार होईना. पुढे कुतूहल म्हणून वाचू लागलो, आणि हाफकिन यांच्या चरित्रात मला चक्क आपली हुबळी भेटली.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी रशियन साम्राज्यातील ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. ते डॉक्टर नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते. विद्यापीठात त्यांना मेच्निकोव्ह यांच्यासारखा गुरू लाभला. धर्म बदलला असता तर प्राध्यापकी मिळाली असती. तो त्यांनी बदलला नाही. पॅरिसला पाश्चर यांच्या संस्थेत ग्रंथालयातले काम पत्करले आणि उरलेल्या वेळात प्रयोग चालवले. पटकीवरची लस तयार होताच १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचली. पुढच्याच वर्षी ते कलकत्त्याला आले आणि हजारो लोकांना त्यांनी ही लस दिली.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग उद्भवला. सरकारने हाफकिन यांना बोलावून घेतले. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि व्हरांडा, हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई, एवढीच त्यांची प्रयोगशाळा. जंतू वाढवायला मांसाचा रस लागे. इथल्या लोकांच्या भावना ओळखून त्यांनी तो बकऱ्याच्या मांसाचा केला आणि वर तुपाचे थेंब सोडले. त्या तुपाखाली जंतू झुंबरासारखे लोंबत वाढत. मग उष्णतेने ते मारायचे, की लस तयार. १० जानेवारी १८९७ रोजी तीही त्यांनी आधी स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांपैकी जे स्वखुशीने पुढे आले त्यांना दिली.

त्या काळाची आठवण आपल्याकडे निराळीच आहे. प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. घरात शिरून झडती घेणाऱ्या सोल्जरांमुळे पुणे पेटले आणि रँडचा खून झाला. सरकारच्या हातातल्या कोणत्याही वस्तूवर लोकांचा विश्वास बसणे कठीण होते. लस जबरदस्तीने देऊ नये, लोकांना समजावून द्यावी, असे हाफकिन यांचे मत होते.

आपल्या भागाची कथा याच वेळची. धारवाड जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. १८९८ मध्ये हुबळीत प्लेगने थैमान घातले तेव्हा कॅप्टन ल्यूमन या डॉक्टरांनी येथे लस टोचण्याची मोहीम चालवली. सुमारे पन्नास हजार वस्तीच्या या गावात काही महिन्यांत बहुतेक सर्वांना लस मिळाली, अनेकांना दोनदा. लस घेणाऱ्याला निर्बंधांतून सूट मिळे, म्हणून सारेच मनापासून आले असे म्हणता येणार नाही. पण लस घेतलेले लोक वाचतात हे हुबळीकरांनी डोळ्यांनी पाहिले. एवढ्या मोठ्या प्रमाणावर लशीची पारख फार थोड्या ठिकाणी झाली. १८९९ मध्ये हाफकिन यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली.

आणि मग तो दिवस आला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या खेड्यात १०७ जणांना लस टोचली. त्यांतले १९ जण धनुर्वाताने दगावले. एकोणीसही जणांना एकाच बाटलीतली लस दिली होती; बाकीच्यांना काही झाले नाही. चौकशी समितीने दोष प्रयोगशाळेवर ठेवला आणि हाफकिन यांना पदावरून दूर केले. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, ही गोष्ट मागे पडली. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आदी दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहिले, तेव्हा कुठे ते निर्दोष ठरले. त्यांना पुन्हा कामावर घेतले, पण कलकत्त्याला. परळची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. १९२५ मध्ये तिला त्यांचे नाव देण्यात आले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

आम्हांला वर्गात शिकवतात, की जमाखर्चातली चूक सापडली की उलटी नोंद करून ती दुरुस्त करता येते. हाफकिन यांच्या खात्यावर चुकीची नोंद पडली आणि ती दुरुस्त व्हायला पाच वर्षे लागली. ती वर्षे मात्र कुणी त्यांच्या नावावर परत जमा केली नाहीत. आणि त्या एकोणीस घरांचा हिशेब तर कुठल्याच वहीत जुळणार नाही. म्हणून मला वाटते, संशय घेणाऱ्याला अडाणी म्हणून मोकळे होऊ नये, आणि शास्त्रज्ञाला चौकशी पुरी होण्याआधी गुन्हेगार ठरवू नये.

आमच्या आजीने शेवटी लस घेतली. शेजारच्या नर्सबाई तिच्याजवळ तासभर बसल्या आणि तिच्या प्रत्येक प्रश्नाला त्यांनी तिच्याच भाषेत उत्तर दिले. हाफकिन यांना नेमके हेच हवे होते.