रुग्णाची खाट आणि मिस नाइटिंगेल

वेवजी हे तलासरी तालुक्यातील गाव गुजरातच्या सीमेस अगदी लागून आहे. तेथील आजारी मनुष्यास त्याचे आप्त कधी तलासरीस, कधी डहाणूस, तर कधी सीमा ओलांडून उंबरगावाकडे नेतात. कोठेही नेले तरी त्याचे पुढील दिवस एका खाटेवरच जावयाचे असतात. इमारत केवढी आणि कोनशिलेवर नाव कोणाचे, याचा त्यास उपयोग नाही. गादी स्वच्छ आहे काय, पाण्याचा पेला हातास लागतो काय, आणि रात्री हाक मारिली तर कोणी ऐकते काय, यावर त्याचे बरेवाईट पुष्कळ अंशी अवलंबून असते. या लहान दिसणाऱ्या गोष्टींस ज्या बाईंनी शास्त्राची योग्यता आणून दिली, त्या मिस फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

त्यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी एका धनिक इंग्रज कुटुंबात झाला. त्या काळी रुग्णशुश्रूषेचा धंदा इंग्लंडातही कुलीन स्त्रियांस कमीपणाचा वाटे, व घरच्या मंडळींचा विरोध मोडावयास बाईंस अनेक वर्षे लागली. १८५१ साली जर्मनीतील कैसरवर्थ येथे त्यांनी काही महिने शिक्षण घेतले आणि १८५३ साली लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरील स्त्रियांच्या एका लहान रुग्णालयाची व्यवस्था पतकरिली. तेथे त्यांनी प्रथम काय मागितले ते पाहण्यासारखे आहे. प्रत्येक मजल्यावर नळाने कढत पाणी यावे. रुग्णाचे अन्न जिन्याने न आणिता पाळण्याने वर ओढून घ्यावे. आणि रुग्णाने घंटा ओढिली की परिचारिकेच्या दाराबाहेरील त्या घंटेची झडप उघडून तशीच उघडी राहावी, म्हणजे कोणी बोलाविले ते तिला तत्काळ कळेल. जिने चढण्याउतरण्यात जी शक्ती खर्च होते ती रुग्णापासूनच हिरावून घेतलेली असते, हे त्यांनी ओळखिले होते.

पुढे क्रिमियाचे युद्ध झाले. नोव्हेंबर १८५४ मध्ये ३८ परिचारिका घेऊन बाई कॉन्स्टँटिनोपलसमोरील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. त्यांचा हातातील दिवा सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्यांनी मिळविलेले सदरे, टॉवेल व फरशी घासण्याचे ब्रश, आणि कपडे उकळून धुण्यासाठी भाड्याने घेतलेले घर यांची आठवण थोड्यांस असते. इतके करूनही मृत्यू थांबले नाहीत. फेब्रुवारी १८५५ मध्ये मृत्यूचे प्रमाण शेकडा ४२ वर गेले. मार्चमध्ये सरकारने पाठविलेल्या आरोग्य-मंडळाने इमारतीखालील तुंबलेली गटारे साफ केली, हवा खेळती केली, आणि जूनपर्यंत ते प्रमाण शेकडा २ च्या आसपास उतरले. युद्धानंतर डॉक्टर फार यांच्या साह्याने आकडे मांडिले तेव्हा, पुष्कळ शिपाई जखमांनी नव्हे तर घाणीने मेले, हे बाईंस स्पष्ट दिसले. आपल्याच देखरेखीखालील जागेवर ठपका येतो म्हणून त्यांनी ते झाकिले नाही. उलट आकृत्या काढून अधिकाऱ्यांपुढे मांडिले. आमच्या मते त्यांचा खरा मोठेपणा येथे आहे.

१८५९ साली त्यांनी शुश्रूषेवर व रुग्णालयांवर पुस्तके लिहिली. खाट लोखंडाची असावी. तिला झालर नसावी. ती साडेतीन फुटांहून रुंद नसावी, व भिंतीस लागून नसावी, म्हणजे दोन्ही बाजूंनी रुग्णापर्यंत हात पोहोचेल. मलमूत्राच्या भांड्यास झाकण असावे आणि ते खोलीत न ठेविता लगेच बाहेर नेऊन धुवावे. बशीत चहा सांडू नये, कारण पेल्याचा ओला बूड रुग्णाची चादर भिजवितो. परिचारिकेने दिवसातून वारंवार हात धुवावे. जंतूंपासून रोग होतात हे शास्त्र तेव्हा सिद्ध झालेले नव्हते. बाई रोगाचे मूळ दूषित हवेत शोधीत, आणि संसर्गाची कल्पना त्यांनी दीर्घकाळ मानिली नाही. तथापि त्यांनी सांगितलेली स्वच्छता पुढील शास्त्रानेही मान्य केली.

१८५७ नंतर बाई स्वतः दीर्घकाळ अंथरुणास खिळल्या. बहुतेक काम त्यांनी त्यावरूनच केले. १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाची परिचारिकांची शाळा निघाली. हिंदुस्थानात त्या कधीच आल्या नाहीत. तरी येथील गोऱ्या फौजेत वर्षास हजारी ६९ मृत्यू होतात, हे १८६३ च्या राजकीय चौकशीच्या अहवालातून पुढे आणण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १३ ऑगस्ट १९१० रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्या निवर्तल्या. त्याच्या आदल्याच वर्षी पुण्यास रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सेवासदन निघाले होते, व पुढे त्यातील स्त्रिया ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागल्या. ज्या धंद्यास समाज नाके मुरडीत असे, तो आपल्याकडेही अशा रीतीने मानाचा झाला.

आता आम्हांस आमच्याविषयी बोलावयाचे आहे. मागे एका रुग्णालयात आम्ही पाहिले की, नव्या दालनावर देणगीदाराचे नाव संगमरवरात कोरिले होते, आणि आत एका म्हातारीचा पाण्याचा पेला तिच्या हातापासून दोन हात दूर खिडकीवर होता. घंटा नव्हती, खाटेखाली निजलेली सून हीच तिची घंटा. असा प्रकार एकाच ठिकाणी घडतो असे नाही, म्हणून त्या जागेचे नाव आम्ही सांगत नाही.

डहाणू-तलासरीकडील व्यापारी मंडळी धर्मादायास मागे राहत नाहीत, हे आम्ही जाणतो. आमची विनंती इतकीच की, देणगी देण्यापूर्वी त्यांनी एकदा दालनात जाऊन खाटेजवळ उभे राहावे. चाकांस खीळ आहे काय, रुग्ण पडू नये म्हणून कडेस कठडा आहे काय, गादीस धुता येणारे वेष्टन आहे काय, निजल्या जागी घंटा हातास लागते काय, व जवळच हात धुण्यास पाणी व साबण आहे काय, हे पाच प्रश्न विचारावे. ज्याचे उत्तर नाही असे येईल, तेथेच आपला पैसा द्यावा. वेवजीच्या पाड्यावरून आलेल्या वारल्याच्या उशाशी ठेविलेल्या घंटेवर दात्याचे नाव कोरिता येणार नाही, हे खरे. परंतु मध्यरात्री ती वाजली असता कोणी तरी धावून येईल.