विश्लेषण : शून्य-एकच्या भाषेपासून सुरुवात, देशी संगणक घडवणारे प्रा. आर. नरसिंहन कोण होते?

अमरावती, अकोल्यातील अभियांत्रिकीचे विद्यार्थी आज पहिल्याच वर्षी ‘सी’ भाषेत प्रोग्राम लिहितात. एक अर्धविराम राहिला, तरी स्क्रीनवर ‘सिंटॅक्स एरर’ झळकते. ही चूक पकडतो तो कंपायलर. माणसाने लिहिलेल्या सूचना व्याकरणाच्या नियमांनी तपासून यंत्राच्या भाषेत उतरवणे, हे त्याचे काम. मुंबईत पहिला देशी संगणक उभारणाऱ्यांच्या हाताशी मात्र ही सोय नव्हती. त्यांचे नेतृत्व प्रा. रंगास्वामी नरसिंहन यांनी केले.

मुंबईत कसे आले?

नरसिंहन यांचा जन्म १९२६ चा, मद्रासमधला. तेथे दूरसंचार अभियांत्रिकी शिकून ते अमेरिकेला गेले. कॅलटेकमध्ये विद्युत अभियांत्रिकी आणि इंडियाना विद्यापीठात गणितातील पीएचडी केल्यानंतर १९५४ मध्ये ते डॉ. होमी भाभा यांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखल झाले. संगणक विकत न घेता स्वतः बनवायचा, हे काम त्यांच्याकडे आले.

‘टिफरॅक’ कसा होता?

आधी छोटे प्रायोगिक यंत्र आणि १९६० मध्ये पूर्ण संगणक तयार झाला. त्यात २,७०० निर्वात नळ्या आणि १२,५०० रोधक होते. स्मृती ४० बिटच्या २,०४८ शब्दांची, म्हणजे जेमतेम १० केबी. व्हॉट्सॲपवरचा एक फोटोही त्यात मावला नसता. प्रोग्राम शून्य आणि एकच्या मालिकांत लिहून कागदी पट्टीवरून द्यावा लागे. १९६२ मध्ये पंतप्रधान नेहरूंनी यंत्राचे नामकरण केले.

जग तेव्हा कुठे होते?

अमेरिकेत ग्रेस हॉपर यांनी १९५२ मध्येच ‘ए-झिरो’ हा आद्य कंपायलर तयार केला होता. १९५७ मध्ये जॉन बॅकस यांच्या चमूने ‘फोरट्रान’ आणली. ट्रान्झिस्टरही आले होते. त्यामुळे पूर्ण होईपर्यंत टिफरॅक तंत्रज्ञानात मागे पडला होता. १९६४ मध्ये संस्थेत अमेरिकी बनावटीचा ‘सीडीसी ३६००’ आला आणि फोरट्रानमध्ये काम सुरू झाले. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय स्थापन झाले तेही याच वर्षी.

मग मेहनत वाया गेली का?

नाही. यंत्र कालबाह्य झाले, पण माणसे तयार झाली. नरसिंहन स्वतः १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इलिनॉय विद्यापीठात गेले. कंपायलर व्याकरणाने वाक्य वाचतो, तसे संगणकाला चित्रही वाचता येईल का, हा त्यांचा प्रश्न होता. अणुकणांच्या मार्गांची छायाचित्रे यंत्राने ओळखावीत, यासाठी त्यांनी चित्रांचे ‘व्याकरण’ मांडले. प्रतिमा ओळखण्याच्या शास्त्रातील हे पायाभूत काम मानले जाते.

पुढे काय केले?

ते कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडियाचे पहिले अध्यक्ष झाले. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी ‘सीएमसी’ कंपनीचेही ते पहिले अध्यक्ष. १९७८ मध्ये आयबीएमने भारत सोडला, तेव्हा तिच्या यंत्रांची देखभाल याच कंपनीने सांभाळली. त्यांना १९७७ मध्ये पद्मश्री मिळाली.

उत्तरायुष्यात त्यांनी माणसाच्या भाषेचाच अभ्यास केला. मूल भाषा कसे शिकते, यावर त्यांनी लिहिले. २००७ मध्ये त्यांचे निधन झाले. यंत्राला भाषा कशी कळेल, हा प्रश्न आज चॅटबॉटमुळे घराघरांत पोहोचला आहे. नरसिंहन त्याच्या कितीतरी आधी भाषेच्या प्रश्नावर काम करत होते.