ते पुएआंचे दानशास्त्र

परोपकार म्हटला की देणारा वर आणि घेणारा खाली, अशीच मांडणी आपल्या मनात उभी राहते. संगमरवरी फलकावर देणगीदारांची नावे वाचण्याची आपल्याला सवय झाली आहे. न्यूझीलंडच्या माओरी समाजाची रीत निराळी. तेथे पाहुण्याचा सत्कार हे यजमान कुळाचे कर्तव्य, आणि पाहुण्याने यजमानांच्या हाती ठेवावयाच्या भेटीला 'कोहा' म्हणतात. आजचा यजमान उद्याचा पाहुणा असतो. त्यामुळे कोणीच कायमचा याचक ठरत नाही. ही रीत एका उद्ध्वस्त समाजाच्या उभारणीस कशी कामी आली, हे ते पुएआ हेरांगी यांच्या चरित्रात दिसते.

त्यांचा जन्म १८८३ चा. माओरींचे दुसरे राजे तावियाओ हे त्यांच्या आईचे वडील. परंतु राजघराणे नावापुरतेच उरले होते. १८६३ साली इंग्रज फौजा वायकातो प्रदेशात घुसल्या आणि त्यानंतर बंडाची शिक्षा म्हणून सुमारे १२ लाख एकर जमीन सरकारजमा झाली. जमीन गेलेल्या समाजाचे दारिद्र्य हे आळसाचे फळ नव्हे, एवढे तरी मान्य करावयास हरकत नसावी.

१९१३ साली देवीची साथ आली, तेव्हा ते पुएआंनी रुग्णांसाठी वेगळ्या झोपड्या उभारून शुश्रूषा केली. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने मांगाताव्हिरी या त्यांच्या वस्तीतील जवळजवळ चौथा हिस्सा माणसे नेली. सुमारे शंभर मुले पोरकी झाली. त्यांच्यासाठी ते पुएआंनी अनाथाश्रम काढला नाही. वाचलेल्या कुटुंबांतच ती वाटून दिली. ज्यांच्या घरी नुकताच मृत्यू येऊन गेला होता, त्यांच्याच चुलीशी ही मुले वाढली. स्वतः ते पुएआंना मूल नव्हते, पण त्यांच्या हाताखाली कितीतरी लहानांची मोठी झाली.

पुढे नारुआवाहिया येथे त्यांनी दहा एकर जमीन घेतली. तीही पैसे मोजून! आजोबांचे लक्षावधी एकर फुकट गेले होते. १९२१ पासून त्या झुडपी, दलदलीच्या जागेवर तुरांगावाएवाए ही वस्ती उभी राहू लागली. गावच्या गोऱ्या रहिवाशांनी त्यांना हुसकावण्याचा प्रयत्न केला. पैसा कोठून आणावा? कुळातील तरुण-तरुणींचे गायन-नृत्याचे पथक गावोगाव हिंडले, आणि त्याच्या उत्पन्नातून व लोकांच्या श्रमातून काम पुढे सरकले. १९२९ साली तेथील माहिनारांगी हे सभागृह खुले झाले, तेव्हा देशभरातून हजारो माणसे जमली. त्यांना जेवू घालणे, हेच त्या दरिद्री वस्तीच्या प्रतिष्ठेचे प्रमाणपत्र होते. त्याच सुमारास आपिराना न्गाटा या माओरी मंत्र्यांच्या प्रयत्नांनी जमीन-विकासासाठी सरकारी भांडवल मिळू लागले. ते पुएआंनी शेतोशेती फिरून त्यावर देखरेख केली.

दान आणि न्याय्य देणे यांतील फरक मात्र त्यांनी कधी पुसू दिला नाही. १९४६ साली जप्तीच्या भरपाईपोटी दरसाल सुमारे ५,००० पौंड देण्याचे सरकारने कबूल केले. गेलेल्या जमिनीच्या मानाने ही रक्कम क्षुल्लक आहे, हे त्या जाणून होत्या; परंतु अन्याय झाला ही कबुली त्यात आहे म्हणून त्यांनी ती पत्करली. १९५२ च्या ऑक्टोबरात त्यांचे निधन झाले. १९९५ साली वायकातोच्या लोकांना १७ कोटी डॉलर मूल्याची भरपाई कायद्याने मिळाली आणि राजमुकुटाच्या नावाने त्यांची क्षमा मागण्यात आली.