दामोदर धर्मानंद कोसंबी

दामोदर धर्मानंद कोसंबी (जन्म : गोवा, ३१ जुलै १९०७, मृत्यू : पुणे, २९ जून १९६६) हे भारतीय गणितज्ञ, संख्याशास्त्रज्ञ, इतिहासकार व नाणकशास्त्रज्ञ होते. प्राचीन भारताच्या इतिहासाचे मार्क्सवादी पद्धतीने विवेचन करणारे अभ्यासक म्हणून ते सर्वपरिचित आहेत. संकेतातील गोंगाट कमी करण्याच्या तंत्राला आधारभूत ठरलेले एक गणिती प्रमेयही त्यांनी मांडले.

जीवन

बौद्ध धर्माचे व पालीचे विद्वान धर्मानंद कोसंबी हे त्यांचे वडील. वडिलांसोबत ते बालपणीच अमेरिकेस गेले व १९२९ साली हार्वर्ड विद्यापीठाचे पदवीधर झाले. बनारस व अलीगढ येथील अध्यापनानंतर त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात सुमारे बारा वर्षे गणित शिकविले. १९३४ साली त्यांना रामानुजन पारितोषिक मिळाले. पुढे होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक झाले. वास्तव्य मात्र पुण्यातच असल्याने ते डेक्कन क्वीनने मुंबईस ये-जा करीत.

प्रमेय

१९४३ साली भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात त्यांचा फलनावकाशातील संख्याशास्त्राविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. यदृच्छेने बदलणारा कोणताही वक्र ठरावीक, परस्परांशी लंब अशा आकारांच्या बेरजेने मांडता येतो आणि त्या आकारांचे गुणांक परस्परांशी असंबद्ध असतात, हे त्याचे सार होय. बहुतांश चलन पहिल्या थोड्या घटकांत एकवटते. फिनलंडचे कारी कारहुनेन व फ्रेंच गणिती मिशेल लोएव यांनी त्याच दशकात हा निष्कर्ष स्वतंत्रपणे मांडला. त्यामुळे तो दीर्घकाळ केवळ त्या दोघांच्या नावे ओळखला गेला. कोसंबींचे नाव त्यास पुढे जोडले गेले.

उपयोग

अतिविस्तृत पट्ट्यातील रेडिओ स्पंदांनी अंतर मोजताना या विश्लेषणाचे महत्त्व ध्यानात येते. एका नॅनोसेकंदात रेडिओलहर सुमारे ३० सेंटिमीटर जाते. थेट आलेला स्पंद व भिंतीवरून परावर्तित झालेला स्पंद यांच्या मार्गांत याहून कमी फरक असल्यास एक नॅनोसेकंदाचे स्पंद एकमेकांत मिसळतात. अंतर थेट स्पंदाच्या आगमनावरून ठरत असल्याने तो वेगळा ओळखावा लागतो. अनेक नोंदी एकत्र घेऊन त्यांचे असे घटक पाडले, की स्पंद मोजक्या घटकांत एकवटतात. गोंगाट मात्र सर्व घटकांत विखुरतो. क्षीण घटक वगळून संकेत पुन्हा जुळविल्यास गोंगाट घटतो व स्पंद वेगळे करणे सुकर होते. तथापि थेट स्पंदच क्षीण असल्यास तोही वगळला जाऊन अंतर चुकू शकते. म्हणून किती घटक ठेवावेत हा निर्णय कळीचा ठरतो.

इतर कार्य

आनुवंशिकीतील जनुक-अंतराचे सूत्र त्यांनी १९४४ साली दिले. तेही त्यांच्या नावे प्रसिद्ध आहे. आहत नाणी वापरात झिजतात, त्यांचे सरासरी वजन घटते व वजनांतील तफावत वाढते. यावरून त्यांनी नाण्यांचा कालक्रम लावला. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती त्यांनी १९४८ साली सिद्ध केली. भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरील त्यांचा ग्रंथ १९५६ साली प्रकाशित झाला.

अखेरचा काळ

रीमान गृहीतकाची सिद्धता त्यांनी १९५९ साली कृषी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात मांडली. ती गणितज्ञांनी स्वीकारली नाही व तिच्यामुळे त्यांच्या लौकिकास बाधा आली. १९६२ साली टाटा संस्थेतील त्यांच्या नियुक्तीचे नूतनीकरण झाले नाही. वयाच्या ५८ व्या वर्षी पुण्यात झोपेतच त्यांचे निधन झाले. २००८ साली भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.