डग्लस ॲडम्सने एकच गोष्ट दरवेळी वेगळी सांगितली, पण तिचा सिनेमा काही त्याला बघायला मिळाला नाही

६ फेब्रुवारी २०१८. इलॉन मस्कच्या स्पेसएक्सने फाल्कन हेवी रॉकेट सोडलं आणि त्यातून चक्क लाल रंगाची टेस्ला गाडी अंतराळात पाठवली. तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. पण गाडीच्या डॅशबोर्डवरच्या स्क्रीनकडे किती जणांचं लक्ष गेलं? तिथे घाबरू नका असं सांगणारे दोन इंग्रजी शब्द झळकत होते.

हे शब्द आले होते ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलेक्सी’ या विनोदी विज्ञानकथेतून. ती लिहिणाऱ्या डग्लस ॲडम्सला जाऊन तेव्हा जवळपास १७ वर्षं झाली होती.

कोण होता हा माणूस?

डग्लस नोएल ॲडम्सचा जन्म ११ मार्च १९५२ चा, इंग्लंडमधल्या केंब्रिजचा. पुढच्याच वर्षी त्याच गावात वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची रचना शोधली. याच्या नावाची आद्याक्षरंसुद्धा डीएनए. साडेसहा फुटांच्या आसपास उंची, त्यामुळे शाळेपासूनच हा गर्दीत उठून दिसायचा.

केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात त्याने इंग्रजी साहित्य घेतलं, पण खरं लक्ष होतं फुटलाइट्स या विनोदी नाटकं करणाऱ्या मंडळाकडे. नंतर लंडनला येऊन त्याने माँटी पायथनमधल्या ग्रॅहम चॅपमनसोबत लिखाण केलं. तरी गाडी काही रुळावर येईना. पोटासाठी त्याने कतारच्या एका श्रीमंत कुटुंबाच्या बॉडीगार्डची नोकरीही केली.

डोक्यात मात्र एक कल्पना होती. १९७१ मध्ये तो लोकांकडे लिफ्ट मागत युरोप फिरत होता. जवळ होतं अशा प्रवाशांसाठीचं एक गाइड. एका रात्री ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकजवळ तो दारूच्या नशेत शेतात आडवा पडला. वर चांदण्या दिसत होत्या. असंच गाइड अख्ख्या आकाशगंगेसाठी हवं, असं त्याला वाटलं. हा किस्सा त्याने पुढे इतक्यांदा सांगितला की खरं काय घडलं होतं ते त्याचं त्यालाच आठवेनासं झालं.

गोष्ट अशी आहे. आर्थर डेंट नावाच्या साध्या माणसाचं घर बायपाससाठी पाडायला बुलडोझर येतात. त्याच दिवशी अंतराळातल्या बायपाससाठी अख्खी पृथ्वीच पाडली जाते. नोटीस कित्येक वर्षं लावलेली होती, फक्त ती दुसऱ्या ताऱ्यावरच्या ऑफिसात! सरकारी नोटिसांशी ज्यांचा संबंध आलाय त्यांना यातला विनोद वेगळा समजवावा लागणार नाही.

८ मार्च १९७८ ला ही गोष्ट सगळ्यात आधी बीबीसी रेडिओ ४ वर आली. वेळ रात्री साडेदहाची, म्हणजे फार कुणी ऐकेल अशी अपेक्षाच नव्हती. पण बघता बघता तिची चर्चा सुरू झाली.

रेडिओचा फायदा काय? तर तिथे काहीही दाखवावं लागत नाही. गोष्टीतल्या झेफॉड बीबलब्रॉक्सला दोन डोकी आहेत. रेडिओवर नुसतं सांगितलं की काम झालं, खर्च शून्य.

मग पॅन बुक्सने त्याला पुस्तक लिहायला लावलं. ॲडम्सला लिहिण्याचा भयंकर कंटाळा, डेडलाइन पाळणं तर माहीतच नाही. शेवटी प्रकाशकांनी चालू पान पूर्ण करून आहे तेवढं पाठवून द्यायला सांगितलं, असं म्हणतात. म्हणून १९७९ च्या पहिल्या पुस्तकात रेडिओच्या सहा भागांपैकी साधारण चारच भागांची गोष्ट आली. तरीही ते तुफान खपलं. चौथ्या पुस्तकाच्या वेळी तर कमालच झाली. मूळचे दिल्लीचे असलेले प्रकाशक सनी मेहता त्याच्यासोबत लंडनच्या हॉटेलात जाऊन राहिले आणि अक्षरशः पहारा देऊन पुस्तक लिहून घेतलं.

१९८१ मध्ये बीबीसीने टीव्ही मालिका आणली. आता ते दुसरं डोकं दाखवणं आलं. नटाच्या खांद्यावर यांत्रिक डोकं बसवलं, ते अधूनमधून बंद पडायचं आणि दिसायचंही नकली. पण त्याच मालिकेतले गाइडचे ग्राफिक्स आजही भारी वाटतात. ते कंप्युटरवर केलेत असं वाटतं, प्रत्यक्षात सगळं हाताने काढलेलं ॲनिमेशन होतं.

१९८४ मध्ये गेम आला. चित्रं नाहीत, फक्त मजकूर. खेळणाराच आर्थर डेंट. स्टीव्ह मेरेत्स्कीसोबत ॲडम्सने तो असा लिहिला की गेम चक्क खेळणाऱ्याशी खोटं बोलायचा.

गंमत म्हणजे या सगळ्या ठिकाणी गोष्ट तंतोतंत सारखी नाही. घटना बदलतात, शेवट बदलतात. पुस्तकात असं नव्हतं ही तक्रार आपण प्रत्येक सिनेमानंतर करतो, पण इथे बदल करणारा मूळ लेखकच होता. कानाला जे जमतं ते डोळ्याला जमत नाही आणि पानावर जे जमतं ते गेममध्ये चालत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तो प्रत्येक माध्यमासाठी गोष्ट नव्याने रचायचा.

मग घोडं अडलं कुठे? तर सिनेमात.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच सिनेमाचे हक्क विकले गेले होते. पुढची जवळपास वीस वर्षं पटकथा लिहिल्या गेल्या, फेटाळल्या गेल्या. रेडिओवर चार डोकी एकत्र बसली की भाग तयार व्हायचा, हॉलिवूडमध्ये कोट्यवधी डॉलर गुंतवणाऱ्यांचा होकार लागायचा. या सिनेमासाठी ॲडम्स १९९९ मध्ये कुटुंबासह कॅलिफोर्नियाला राहायला गेला. ११ मे २००१ ला जिममध्ये व्यायाम केल्यावर त्याला हार्ट अटॅक आला. वय फक्त ४९, मागे पत्नी आणि सहा वर्षांची मुलगी.

सिनेमा आला २००५ मध्ये. त्याच्याच मसुद्यावरून दुसऱ्या लेखकाने पटकथा पूर्ण केली होती. मार्टिन फ्रीमन आर्थर झाला, झेफॉडचं दुसरं डोकं हनुवटीखाली लपवलं गेलं. यात पुस्तकात नसलेलं हुमा कावुला नावाचं पात्रही होतं. अनेक चाहते वैतागले, पण ते पात्र खुद्द ॲडम्सनेच सिनेमासाठी घडवलं होतं.

त्याच्या आदल्या वर्षी, २००४ मध्ये, रेडिओ मालिकाही पुन्हा सुरू झाली होती. तिसऱ्या पुस्तकात ॲग्राजॅग नावाचं एक पात्र आहे. ते पुन्हा पुन्हा जन्म घेतं आणि प्रत्येक जन्मात आर्थरमुळेच मरतं. ही भूमिका ॲडम्सला स्वतःला करायची होती. तो हयात नव्हता, पण ऑडिओबुकसाठी त्याने हे पुस्तक पूर्वी वाचून रेकॉर्ड केलं होतं. दिग्दर्शक डर्क मॅग्जने त्यातला त्याचा आवाज उचलून या भागात वापरला.

आर्थर झालेला सायमन जोन्स स्टुडिओत जिवंत होता आणि समोरून उत्तरं देत होता तीन वर्षांपूर्वी गेलेला डग्लस ॲडम्स. हे फक्त रेडिओवरच शक्य होतं.